लीला राव : टेनिसपटू आणि संस्कृत नाटककार

टेनिसच्या आरंभीच्या इतिहासात ज्या स्त्रियांनी नाव मिळवले, त्यांपैकी काहींचे कर्तृत्व खेळाच्या चौकटीत मावणारे नव्हते. अमेरिकेच्या हेलन विल्स यांनी १९२७ ते १९३८ या काळात विम्बल्डनचे एकेरी विजेतेपद आठ वेळा मिळवले. पण त्या शिक्षणाने चित्रकार होत्या आणि १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या टेनिसविषयक पुस्तकातील चित्रे त्यांनी स्वतःच काढली होती.   मुंबईच्या एका विद्यासंपन्न घरात मात्र टेनिसची सांगड चित्रकलेऐवजी संस्कृत काव्याशी आणि नाट्याशी घातली गेली.

लीला राव यांचा जन्म १९११ सालचा. त्यांच्या मातोश्री पंडिता क्षमा राव या सावंतवाडीकडचे संस्कृत पंडित शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. तुकारामांच्या गाथेच्या संपादनात ज्यांचा वाटा होता, तेच हे पंडित. क्षमाबाईंनी ‘सत्याग्रहगीता’ हे गांधीजींच्या चळवळीवरील संस्कृत काव्य लिहिले, तुकाराम-रामदासांची चरित्रे संस्कृतात रचली आणि त्या स्वतः टेनिसही खेळत असत. मुलीच्या हाती रॅकेट आणि ग्रंथ दोन्ही आले ते अशा आईमुळे, हे ध्यानात घेतल्याखेरीज लीलाबाईंचे मोठेपण नीट कळत नाही.

१९३१ साली त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेचे एकेरी विजेतेपद मिळवले आणि पुढेही ते अनेकदा जिंकले. १९३४ साली विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत त्यांनी ग्लॅडिस साउथवेल यांना ४-६, १०-८, ६-२ असे हरवले. विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री हा मान त्यांच्याकडे जातो. या सामन्यातील दुसरा सेट विशेष लक्षात घ्यावा असा आहे. बरोबरी फोडण्यासाठी आज जो टायब्रेक, म्हणजे ठरावीक गुणांचा निर्णायक खेळ, घेतात तो विम्बल्डनमध्ये १९७१ साली आला. त्यापूर्वी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालतच राही, त्यामुळे पहिला सेट गमावल्यावर अठरा गेम झुंजून मिळवलेली ती बरोबरी चिकाटीची खरी कसोटी होती. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामोफ यांनी त्यांना हरवले.

लीलाबाईंनी पुढे भारतीय नृत्यशास्त्रावर ग्रंथ लिहिले, आईच्या कथांवरून संस्कृत नाटके रचली आणि राजनैतिक अधिकारी हरीश्वर दयाल यांच्याशी विवाह केला. खेळाचे अभ्यासक त्यांना एका सामन्यापुरते आठवतात आणि संस्कृतचे अभ्यासक त्यांच्या टेनिसचा उल्लेखही क्वचितच करतात. ही फाळणी अन्यायाची आहे. इंदूरच्या महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्थांनी या मायलेकींचे ग्रंथ मिळवून, त्यांतील एखादे नाटक रंगमंचावर आणावे.