रकाना कोणी आखावा?

अफझलगंजच्या बसथांब्यावर सकाळी घटकाभर उभे राहावे. कोणी उस्मानिया रुग्णालयाकडे निघालेला असतो, कोणी शेजारच्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे. तेवढ्यात बस येते. 9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणात स्त्रियांना व तृतीयपंथी व्यक्तींना राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून विनामूल्य प्रवासाची सवलत मिळाली. कंडक्टर ओळखपत्र पाहतो आणि हातातील यंत्रातून शून्य रुपयांचे तिकीट काढून देतो. परंतु ओळखपत्रावर ‘पुरुष’ छापलेले असून समोर साडी नेसलेली तृतीयपंथी व्यक्ती उभी असेल, तर? मग भर गर्दीत प्रश्नोत्तरे सुरू होतात. तिकिटाचे यंत्र ठीकच असते. चूक असते ती पूर्वी कोणीतरी आखलेल्या रकान्यात.

श्रोतेहो, रकाना हेही एक यंत्रच आहे, आणि त्याचा कडू अनुभव हैदराबादने घेतला आहे. फसली 1329, म्हणजे इसवी सन 1919 च्या सुमारास, निजामाच्या राज्यात एक कायदा झाला. संशयित हिजड्यांची नावे व पत्ते सरकारी नोंदवहीत लिहावयाचे आणि नोंदलेली व्यक्ती स्त्रीवेषात रस्त्यावर दिसल्यास वॉरंटावाचून पकडावयाचे, अशी त्यात तरतूद होती. ज्यांची नावे त्या वहीत जावयाची, त्यांना कोणी काही विचारले नव्हते. हा कायदा घटनाबाह्य ठरविण्यास तेलंगण उच्च न्यायालयाचा जुलै 2023 मधील निकाल यावा लागला.

आता वहीची जागा संगणकाने घेतली आहे. आपली लिंगओळख आपणच ठरविण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी मान्य केला; परंतु निकाल झाला म्हणून संगणक आपोआप बदलत नाही. आधार कार्डासाठी तिसरा पर्याय होता, तर पॅन कार्डाच्या अर्जात एप्रिल 2018 पर्यंत दोनच होते. दोन्ही कार्डे जोडताना नाव, जन्मतारीख व लिंग जुळवावयाचे असल्याने, ज्याने आधारवर खरे लिहिले तोच अडला.

तिसरा रकाना वाढविला म्हणजे काम संपले, असेही नाही. 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ या सदरात 4,87,803 व्यक्तींची नोंद झाली. परंतु तृतीयपंथी स्त्री, तृतीयपंथी पुरुष आणि स्वतःस स्त्री वा पुरुष यांपैकी काहीच न मानणारी व्यक्ती, या सर्वांना एकच शब्द कसा पुरावा? म्हणून यंत्र रचणाऱ्याने आधी तीन प्रश्न विचारावेत. ही माहिती मुळात हवी आहे काय? हवी असल्यास ती ज्याची त्याला सांगता आणि पुढे दुरुस्त करता येईल काय, व ती दुरुस्ती जोडलेल्या सर्व कागदांपर्यंत पोहोचेल काय? आणि ती कोणाच्या दृष्टीस पडेल? हा शेवटचा प्रश्न सर्वांत गंभीर. क्षणात शोधता येणारी नावांची यादी ही जुन्या नोंदवहीहूनही घातक ठरू शकते.

ही उत्तरे केवळ इंजिनियरच्या टेबलावर सापडावयाची नाहीत. 2022 च्या अखेरीस अफझलगंजच्या उस्मानिया रुग्णालयात दोन तृतीयपंथी स्त्रिया डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. तत्पूर्वी, जानेवारी 2021 मध्ये, नारायणगुडा भागात ‘मित्र’ हा दवाखाना सुरू झाला. तेथे कर्मचारीही याच समाजातले होते. अमेरिकी मदत थांबल्याने 2025 च्या आरंभी तो बंद पडला, तरी त्याचा धडा उरतो. जे दवाखान्यात जमले, ते संगणकाच्या कामातही जमण्यासारखे आहे. रकाना आखण्यापूर्वीच त्या लोकांना बोलवावे, त्यांच्या श्रमाचा मोबदला द्यावा आणि ‘हे यंत्र नको’ असे म्हणण्याचा अधिकारही द्यावा. सर्व तयार झाल्यावर संमतीसाठी बोलावणे म्हणजे सल्ला घेणे नव्हे.

यात लाभ केवळ त्यांचाच आहे, असे नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या किती स्त्रियांना दोन कागदांवरील दोन नावांपायी खेटे घालावे लागतात! सर्वांत अधिक अडणाऱ्याला विचारून केलेली वाट इतरांनाही सुखाची होते.