गोदेच्या खोऱ्यातील एक लहान भाषाकुल

कोल्हारच्या पुलाखालून जाणारे प्रवरेचे पाणी प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. पुढे सिरोंचाजवळ गोदेत प्राणहिता मिसळते. तिच्यात वर्धा, पैनगंगा व वैनगंगा यांचे पाणी असते. याच विशाल खोऱ्यात द्राविडी भाषांचे एक लहानसे कुल नांदते, याची जाणीव आपल्याकडे फारशी नाही, म्हणून आम्ही हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत. तेथील कोलामी, चंद्रपूरकडील नायकी, इंद्रावतीकाठच्या बस्तरमधील परजी आणि ओडिशातील कोरापुटची ओल्लारी गदबा या परस्परांच्या भगिनी होत. कोलामी ही मराठीची किंवा गोंडीची बिघडलेली बोली, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. एमेनो यांनी 1955 साली तिचे सविस्तर व्याकरण प्रसिद्ध केले. बरो व भट्टाचार्य यांचा परजीवरील ग्रंथ त्याआधीच, 1953 साली आला होता.

नाते शब्दांतच दिसते. पाण्याला कोलामीत व नायकीत 'ईर', तर परजीत 'नीर' म्हणतात, तमिळमध्येही 'नीर'च. दाताला कोलामीत 'पल', परजीत 'पेल'. व्याकरणातही एक विशेष आहे : पुरुषवाचक नामांचा एक वर्ग, आणि स्त्रिया, पशू व वस्तू यांचा मिळून दुसरा. (यावरून त्या समाजातील स्त्रीच्या स्थानाविषयी अनुमान काढू नये, व्याकरण आणि समाजरचना या भिन्न गोष्टी आहेत.) कोलामीत पहिले चार अंक स्वतःचे आहेत, पाचापासून पुढे मात्र तेलुगूची उसनवार दिसते. शेजारच्या बाजारपेठेचा हा ठसा असावा, असे आम्हांस वाटते.

मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्तात एका भांड्याचे उदाहरण आहे. कोठे त्याला 'पाती' म्हणतात, कोठे 'पत्त', कोठे 'सराव'. आपल्याच जनपदाचा शब्द खरा, बाकीचे व्यर्थ, असा हट्ट कलहाचे कारण होतो, असे तथागतांनी तेथे सांगितले आहे. 'ईर' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसणारा हाच हट्ट धरीत असतो.

2011 च्या जनगणनेत कोलामी भाषक सुमारे 1 लाख 28 हजार आणि परजी भाषक सुमारे 52 हजार नोंदले गेले. घटनेच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत या कुलातील एकही नाही. तथापि 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले 350-अ हे कलम त्या अनुसूचीवर अवलंबून नाही. भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने व स्थानिक संस्थांनी करावा, असे ते सांगते. पोडावरून पहिलीच्या वर्गात येणारे मूलही त्या कलमाच्या कक्षेत येते.