नायट्रसच्या गाडीला पेट्रोलची वेगळी लाइन का हवी?

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात हातातील हुनर जितका महत्त्वाचा, तितकीच कामामागची समजही महत्त्वाची असते. २००१ साली 'द फास्ट अँड द फ्युरियस' हा अमेरिकी चित्रपट आला आणि नायट्रसचे नाव गाड्यांच्या शौकीन तरुणांच्या तोंडी झाले. बाटली बसवली, बटण दाबले की गाडी उडाली, असा समज त्यातून पसरला. प्रत्यक्षात बाटली बसवणे हे या कामातील सर्वांत सोपे अंग आहे. इंजिन टिकेल की फुटेल, हे पेट्रोलच्या व्यवस्थेवर ठरते. आज आपण तीच बाजू समजून घेऊ.

नायट्रस म्हणजे इंधन नव्हे

नायट्रस ऑक्साइड हा दवाखान्यात भूल देण्यासाठी वापरला जाणारा वायू. तो स्वतः जळत नाही. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रसमध्ये सुमारे ३६ टक्के. इंजिनातील उष्णतेने हा वायू फुटतो आणि जादा ऑक्सिजन मोकळा होतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी उंचावरील विरळ हवेत ताकद टिकवण्यासाठी तो वापरला. पुढे अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींत, म्हणजे पाव मैलाच्या सरळ धावेत, तो रुळला.

जादा ऑक्सिजन आला की त्याच्या जोडीला जादा पेट्रोल हवेच. ते कमी पडले तर मिश्रण लीन होते, आत उष्णता वाढते, नॉकिंग सुरू होते आणि काही सेकंदांत पिस्टनचा माथा वितळतो किंवा रिंगांमधली पट्टी तुटते. म्हणूनच जाणकार कारागीर मिश्रण थोडे रिच ठेवतात. जादा पेट्रोल इंजिनाला थंडावा देते.

कंपनीचा पंप का पुरत नाही?

साधा हिशेब करून पाहू. एका अश्वशक्तीसाठी ताशी सुमारे अर्धा पौंड, म्हणजे २२७ ग्रॅम पेट्रोल लागते, असा ठोकताळा आहे. नायट्रसने १०० अश्वशक्ती वाढवायची तर ताशी २२.७ किलो, म्हणजे साधारण ३० लिटर पेट्रोल जादा हवे. मिनिटाला अर्धा लिटर झाले. गाडीचा मूळ पंप पूर्ण रेसवर आधीच आपल्या ताकदीच्या जवळ काम करत असतो. त्याच लाइनला टी लावून नायट्रसचे पेट्रोल काढले, तर दाब दोन्हीकडे पडतो. नायट्रसच्या नोझलला पेट्रोल कमी आणि इंजेक्टरलाही कमी.

यावर उपाय म्हणजे वेगळी टाकी, वेगळा पंप, वेगळा रेग्युलेटर. याचा दुसरा मोठा फायदा असा की छोट्या टाकीत जास्त ऑक्टेनचे शर्यतीचे महाग पेट्रोल भरता येते आणि मोठ्या टाकीत नेहमीचे पंपावरचे पेट्रोल चालते. १०० अश्वशक्तीसाठी दहा सेकंदांच्या धावेत जेमतेम ८५ मिलिलिटर लागते, म्हणून तीन-चार लिटरची टाकी पुष्कळ झाली.

जोडणीचा क्रम

टाकी पक्क्या कंसांवर बसवावी. प्रवासी बसतात त्या भागापासून ती पत्र्याच्या आडोशाने वेगळी असावी आणि तिच्या हवेची नळी गाडीबाहेर काढावी. गाडी झेप घेते तेव्हा पेट्रोल टाकीत मागे धावते. म्हणून बाहेर पडण्याचे तोंड तळाशी आणि मागच्या बाजूला ठेवावे, नाहीतर ऐन वेळी पंप हवा ओढेल. पंप टाकीच्या तळाच्या पातळीवर किंवा त्याखाली असावा. पंपाआधी जाड जाळीचा आणि सोलेनॉइडआधी बारीक जाळीचा फिल्टर लावावा. जेटचे भोक इतके बारीक असते की धुळीचा एक कण पिस्टनचा घात करू शकतो. पंपाला वायर रिले आणि फ्यूजमधूनच द्यावी.

दाब वाहत्या पेट्रोलवर मोजावा

बहुतेक चुका येथेच होतात. या स्वतंत्र व्यवस्थेत दाब साधारण पाच ते सात पौंड असतो. सोलेनॉइड बंद असताना काटा सातवर दिसला म्हणजे काम झाले, असे नव्हे. सोलेनॉइड उघडताच तो पाचवर आला, तर जेटमधून येणारे पेट्रोल सुमारे १५ टक्क्यांनी घटते. नायट्रस मात्र तितकाच येत राहतो.

म्हणून नायट्रसची बाटली बंद ठेवून, इंजिन बंद असताना, जो जेट लावायचा त्याच मापाच्या जेटमधून मापाच्या भांड्यात पेट्रोल वाहू द्यावे आणि ते वाहत असताना रेग्युलेटर जुळवावा. किती सेकंदांत किती पेट्रोल आले, ते वहीत लिहून ठेवावे. हे काम उघड्या जागेत, ठिणगीपासून दूर आणि अग्निशामक जवळ ठेवूनच करावे.

लाइनमध्ये दाबाचा सुरक्षा स्विच अवश्य घालावा. पेट्रोलचा दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की नायट्रसचा सोलेनॉइड आपोआप बंद व्हावा. त्याशिवाय पूर्ण थ्रॉटलवरच चालणारा स्विच आणि कमी आरपीएमला नायट्रस रोखणारा स्विच हवा. टायमिंग मागे घेणे आणि थंड प्रकारचे प्लग लावणे हेही किट बनवणाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे करावे.

उन्हाचा हिशेब

बाटलीतील नायट्रस द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर चालतो. २१ अंशांना तो सुमारे ७५० पौंड असतो आणि उष्णतेबरोबर झपाट्याने चढतो. ३६.४ अंशांच्या वर तर तो द्रवरूपात राहतच नाही. विदर्भाच्या मे महिन्यातील उन्हात बाटली तापली तर नायट्रस जास्त येईल, पेट्रोल मात्र तेवढेच राहील आणि मिश्रण लीन होईल. म्हणून पेट्रोलचा दाब जुळवताना बाटलीचा दाबही ठरवून घ्यावा आणि दर धावेआधी दोन्ही काटे पाहावेत.

कायदा आणि ग्राहक

सीएनजी किंवा एलपीजी किट बसवणाऱ्या कारागिरांना रेग्युलेटर आणि सोलेनॉइड नवे नाहीत. परंतु त्या किटला मान्यतेची आणि नोंदीची वाट आहे, तशी नायट्रसला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे हे काम बंद ट्रॅकवरील शर्यतीच्या गाडीपुरतेच ठेवावे. रस्त्यावरच्या गाडीसाठी कोणी आग्रह धरला, तर मजुरीचा मोह सोडून नकार द्यावा.

शर्यतीच्या गाडीचा मालक आला, तर त्यालाही पहिल्याच दिवशी पूर्ण अंदाजपत्रक द्यावे. "बाटली तेवढी बसवा, पेट्रोलचे नंतर बघू," असे तो म्हणाला तर काम हाती घेऊ नये. इंजिन फुटले की ग्राहक जेटचे माप विचारत नाही, गाडी कोणी बनवली एवढेच विचारतो. एका फुटलेल्या इंजिनाने वर्षानुवर्षे कमावलेले नाव जाते. नायट्रसची बाटली उघडण्याआधी पेट्रोलची खात्री करणारा कारागीरच या धंद्यात टिकेल.