रक्तातील वारसा

एखादा निर्व्यसनी, सडपातळ मनुष्य पन्नाशीच्या आत हृदयविकाराच्या झटक्याने अकस्मात जातो. ‘कोलेस्टेरॉल तर बेताचेच होते,’ असे आप्तेष्ट म्हणतात आणि दोष दैवाच्या माथी मारतात. अशा काही दुर्घटनांच्या मुळाशी रक्तातील एक मोजता येण्याजोगा पदार्थ असतो. त्याचा परिचय आज आपणांस करून द्यावयाचा आहे.

शरीरातील घडामोडींची जी खूण मापाने सांगता येते, तिला जैवनिर्देशक म्हणतात. ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे सांगते. एचबीए१सी मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेचा अंदाज देते. हे दोन्ही निर्देशक झाल्या गोष्टीचे साक्षीदार होत. आपला पदार्थ मात्र पुढच्या धोक्याची सूचना देतो. त्याचे नाव लिपोप्रोटीन-ए. नॉर्वेतील शास्त्रज्ञ कोरे बर्ग यांनी 1963 मध्ये त्याचा शोध लावला.

मेद पाण्यात विरघळत नाही. म्हणून प्रथिनांच्या वेष्टनातून तो रक्तात वाहून नेला जातो. ज्याला आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो, त्याच्याच कणाला आणखी एक लांब प्रथिन चिकटले, की लिपोप्रोटीन-ए तयार होते. हा कण रोहिणीच्या भिंतीत मेद साठवितो आणि महारोहिणीच्या झडपेवर चुना साचण्यासही हातभार लावतो. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या तपासणीत तो निराळा दिसत नाही. त्याची चाचणी स्वतंत्रपणे करावी लागते.

त्याचे प्रमाण बव्हंशी आनुवंशिक असते आणि जन्मभर फारसे बदलत नाही. जगातील सुमारे पाचांपैकी एका माणसात ते डेसिलिटरला 50 मिलिग्रॅमहून अधिक आढळते. आहार व व्यायाम यांनी ते सहसा हलत नाही. स्टॅटिन वर्गाच्या औषधांनीही उतरत नाही.

मग जे हलत नाही, ते मोजावे तरी कशाला? कारण हृदयाचा धोका ही एक बेरीज आहे. त्यातील एक आकडा आपल्या हाती नसला, तरी रक्तदाब, रक्तशर्करा, तंबाखू आणि वाईट कोलेस्टेरॉल हे बाकीचे आकडे कमी करता येतात. ज्याचा वारशाने आलेला आकडा मोठा, त्याने इतरांच्या बाबतीत अधिक कसोशी बाळगावी, एवढाच याचा अर्थ. शिवाय एकाच्या रक्तात हे प्रमाण वाढलेले आढळले, तर त्याच्या भावंडांना व मुलांनाही वेळीच सावध करता येते.

म्हणूनच प्रत्येक प्रौढ व्यक्तीने आयुष्यात निदान एकदा ही चाचणी करावी, असे युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांनी 2019 मध्ये सुचविले. भारतीय तज्ज्ञांच्या संघटनेनेही 2024 मध्ये तसाच सल्ला दिला. ज्यांच्या घराण्यात तरुणपणी हृदयविकार झाला आहे, त्यांनी तर आपल्या डॉक्टरांपाशी हा विषय अगत्याने काढावा. प्रमाण अधिक निघाले म्हणजे रोग जडलाच, असे मात्र कोणी समजू नये. ती केवळ पूर्वसूचना आहे, आणि ती लवकर मिळाली, तर सावध होण्यास हाताशी अनेक वर्षे उरतात.