मालाडचे जर्मन

काटोलकडचा माणूस मुंबईत गेटवे बघतो, जुहूची चौपाटी बघतो. मालाडला जातो तो कुणी नातलग राहत असेल तरच. मला तिथे संपादकांनी धाडलं: ‘बॉम्बे टॉकीजचं काय उरलंय, बघून या.’ मालाड पश्चिमेला पत्ता अजून तोच, बॉम्बे टॉकीज कंपाउंड. आत गाळे, छोटे कारखाने, टेम्पोंची ये-जा.

१९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी इथे स्टुडिओ काढला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. कॅमेऱ्यामागे जर्मन होते, हे फारसं कुणी सांगत नाही. शांतारामबापू ‘सैरंध्री’च्या रंगासाठी जर्मनीला गेले, राय यांनी जर्मन कारागीरच मालाडला आणून बसवले. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायालेखक जोसेफ विर्शिंग, नेपथ्याला कार्ल फॉन श्प्रेटी. हिंदी न येणारे ऑस्टेन एकामागून एक हिंदी बोलपट करत गेले. श्प्रेटी पुढे पश्चिम जर्मनीचे राजदूत झाले आणि १९७० मध्ये ग्वाटेमालात बंडखोरांनी अपहरण करून त्यांचा खून केला. त्यांच्यावरच एक सिनेमा व्हायला हवा होता.

माझं मन अडकलं विर्शिंगमध्ये. म्युनिकचा माणूस, जन्म १९०३ चा. ‘प्रेम संन्यास’च्या (१९२५) निमित्ताने पहिल्यांदा भारतात आला. त्याची ‘अछूत कन्या’ १९३६ ची, आपल्या प्रभातचा ‘संत तुकाराम’ही त्याच सालचा. ‘तुकाराम’मधला उजेड देहूच्या अंगणातला वाटतो, विर्शिंगचा मोजूनमापून पाडलेला. चेहऱ्यावर किती, भिंतीवर किती, आणि कुठे मुळीच नाही, हे त्याचं आधी ठरलेलं असावं. ‘महल’मध्ये (१९४९) हा हिशेब कळसाला पोचतो. झोपाळ्यावरची मधुबाला आणि लताबाईंचा आवाज सगळ्यांना आठवतो. भोवतीचा काळोख कुणी रचला, हे कुणी विचारत नाही.

पण मधली वर्षं वाईट गेली. १९३९ ला युद्ध पेटलं आणि ‘कंगन’चं काम चालू असतानाच ब्रिटिशांनी इथे असलेल्या जर्मनांना छावणीत नेलं. ऑस्टेन वयाने मोठे म्हणून सुटले आणि मायदेशी परतले. त्यांनी १९३६ मध्ये नाझी पक्षाचं सभासदत्व घेतलं होतं. ‘अछूत कन्या’ हा अस्पृश्यतेवरचा चित्रपट आणि हे सभासदत्व एकाच वर्षातलं, एकाच माणसाचं! मला हे दोन्ही जुळवता आलेलं नाही, आणि ऑस्टेनना झुकतं माप देण्याचीही इच्छा नाही.

१९४० मध्ये राय वारले. स्टुडिओ मात्र लगेच बसला नाही. १९४३ चा ‘किस्मत’ तुफान चालला, आणि त्यावर एकाही जर्मनाचा हात नव्हता. शिकवणाऱ्यांशिवाय शिकलेले पुढे गेले, हेच मालाडच्या त्या शाळेचं खरं यश. ती बुडाली ती आपसातल्या भांडणांनी. शशधर मुखर्जी, अशोककुमार बाहेर पडले, गोरेगावात फिल्मिस्तान उभं राहिलं, आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्याआधीच मालाडला टाळं लागलं.

विर्शिंग छावणीतून सुटून इथेच राहिला, १९६७ मध्ये मुंबईतच वारला. तेव्हा तो चित्रित करत असलेला ‘पाकीझा’ अर्धवट होता. इतर छायालेखकांनी तो पुरा केला आणि १९७२ मध्ये तो पडद्यावर आला. पुन्हा कधी बघाल तेव्हा श्रेयनामावली पुढे ढकलू नका. त्यात विर्शिंगचं नाव आहे.