कधीच न पिकणारे 12.8 क्विंटल

सिहोरा परिसरात रोवणी आटोपली की पुढचे हिशेब सुरू होतात. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याचा हा पट्टा धानाचा. वैनगंगा आणि बावनथडी या दोन नद्या जवळ, आणि बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, आधार चांदपूर जलाशयाचा. जलाशय पुरता भरला नाही तर बावनथडीवरच्या सोंड्याटोला उपसा सिंचन प्रकल्पातून त्यात पाणी सोडतात. एकरी किती होणार, हे पाऊस, पूर, कालव्याचे पाणी आणि तुडतुडा मिळून ठरवतात. त्यामुळे या प्रश्नाचे खरे उत्तर एका आकड्यात देताच येत नाही. किती होऊ शकते याची यादी हवी आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याची शक्यता हवी. बारावीच्या गणितात यालाच संभाव्यता वितरण म्हणतात.

एक बांधी घेऊ. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. दहापैकी सहा हंगामांत एकरी 16 क्विंटल धान होते, तीन हंगामांत 10, आणि एका हंगामात, उभे पीक पुरात बुडाले की, हाती येते फक्त 2 क्विंटल. प्रत्येक उत्पन्नाला त्याच्या शक्यतेने गुणून बेरीज करा: 9.6, 3 आणि 0.2, एकूण 12.8. हे झाले अपेक्षित मूल्य. मात्र या बांधीत 12.8 क्विंटल एकाही वर्षी पिकत नाही. पीककर्जाचा हप्ता आणि पोरांची फी ज्या वर्षी भरायची, त्या वर्षी हाती 16 असतात, 10 असतात किंवा 2 असतात.

मग हा आकडा कोणाच्या कामाचा? ज्याच्याकडे अशा हजारो बांध्या आहेत त्याच्या, म्हणजे विमा कंपनीच्या. समजा एकरी विमा संरक्षित रक्कम 20,000 रुपये आहे आणि उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली गेले की भरपाई मिळते ते, 10 क्विंटल. (प्रत्यक्षात ते मागच्या सातपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून ठरते.) 2 क्विंटलच्या वर्षी उत्पन्न उंबरठ्याच्या 80 टक्के खाली जाते, म्हणून भरपाई 16,000. इतर वर्षी शून्य. दहातून एकदा 16,000 म्हणजे भरपाईचे अपेक्षित मूल्य वर्षाला 1,600 रुपये, संरक्षित रकमेच्या 8 टक्के. पंतप्रधान पीक विमा योजना 2016 साली आली तेव्हा खरिपाच्या अन्नधान्यासाठी शेतकऱ्याचा वाटा 2 टक्क्यांपर्यंत ठेवला गेला. आपल्या उदाहरणात तो 400 रुपये होतो, उरलेले केंद्र आणि राज्य भरतात. महाराष्ट्रात 2023च्या खरिपापासून शेतकऱ्याकडून एक रुपयाच घेत. 2025च्या खरिपात ती सवलत गेली आणि 2 टक्के परत आले.

अनुदान नसते तर? कंपनीचा खर्च धरून हप्ता 1,800 होईल, म्हणजे नुसत्या अपेक्षित मूल्याने पाहिले तर शेतकरी दरवर्षी 200 रुपये तोट्यात. तरीही विमा काढणे शहाणपणाचेच, असे माझे ठाम मत आहे. सरासरी थोडी घसरते, पण 2 क्विंटलच्या वर्षी घरातले दागिने सावकाराकडे जात नाहीत. वितरणाचा खालच्या टोकाचा भाग कापून टाकण्याची ही किंमत आहे.

एक अडचण मात्र मोठी आहे. पूर येतो तेव्हा तो एकाच बांधीत येत नाही. शेजारी-शेजारी बुडतात, म्हणून गावातल्या गावात वर्गणी काढून हा विमा चालत नाही. जोखीम दूरदूरच्या जिल्ह्यांत वाटावी लागते. आणि इतक्या शेतकऱ्यांचे नुकसान एकेक करून मोजायचे कोणी? यावरचा तोडगा वि. म. दांडेकर यांनी 1970च्या दशकात आग्रहाने मांडला: शेत मोजू नका, क्षेत्र मोजा, आणि क्षेत्राचे उत्पन्न घसरले की तिथल्या सगळ्यांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या. पुण्याच्या गोखले संस्थेतले हे अर्थतज्ज्ञ. 1979च्या प्रायोगिक पीक विम्यात आणि 1985च्या सर्वंकष योजनेत हेच तत्त्व आले. क्षेत्राचे उत्पन्न काढायची पद्धत, चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेते निवडून ठरावीक चौकोनातले पीक कापून तोलायची, ती बसवणाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे होते.

तोडगा हुशारीचा होता, पण त्याने दुसरे वितरण जन्माला घातले: माझी बांधी आणि महसूल मंडळाची सरासरी यांतल्या फरकाचे. महाराष्ट्रात धानासाठी महसूल मंडळ हाच विम्याचा घटक, म्हणजे मोजायचे क्षेत्र, धरतात. नदीकाठच्या खोलगट बांधीचे दहातून दोन हंगाम जातात आणि मंडळाचा एकच, असे समजा. कंपनीच्या हिशेबात भरपाईचे अपेक्षित मूल्य तेच 1,600 राहते. काठच्या शेतकऱ्याला मात्र बुडालेल्या दोनपैकी एका वर्षी छदामही मिळत नाही, आणि त्याची तक्रार खोटी नसते. घटक मंडळाऐवजी ग्रामपंचायत केला तर हा फरक आटोक्यात येईल. त्यासाठी गावोगाव पीक कापणी प्रयोग वाढवावे लागतील, ते धान कापायला येण्याच्या त्याच चार दिवसांत करावे लागतील, आणि तेवढी माणसे कृषी आणि महसूल खात्याला द्यावी लागतील.