विमानातील विजेचा जमाखर्च

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलात एखादा मालट्रक आणून उभा करावा आणि ड्रायव्हरने ‘बॅटरी चार्ज होत नाही’ अशी तक्रार गुदरावी, की वायरमनचे हात प्रथम पट्ट्याकडे, मग बॅटरीच्या टर्मिनलांकडे, त्यानंतर आल्टरनेटरच्या कार्बनकडे आणि सरतेशेवटी कटआउटकडे वळतात. जुहूच्या किंवा बारामतीच्या विमानतळावरील दोन-चार आसनी विमानाची वीजव्यवस्था तत्त्वतः या ट्रकाहून फारशी निराळी नाही, हे ऐकून सामान्य वाचकास नवल वाटेल. परंतु बॅटरी, तिला भरणारा आल्टरनेटर, त्याला लगाम घालणारा कटआउट आणि या सर्वांची खबर देणारा अ‍ॅमीटर हाच संसार दोहोंकडे आहे. भेद आहे तो परिणामाचा. ट्रक रस्त्याच्या कडेला घेता येतो. विमानाला ती सवलत नाही.

म्हणून आल्टरनेटर बंद पडताच विमान कोसळते, असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. बहुतेक लहान विमानांच्या इंजिनावर दोन मॅग्नेटो असतात. ते इंजिनाच्याच गतीने फिरतात आणि बॅटरीचा एक कणही न मागता ठिणगी निर्माण करतात. 10 फेब्रुवारी 1929 रोजी वैमानिकाचा परवाना मिळविणारे जे. आर. डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूस उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता, आणि पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करण्याचाच तो काळ होता. पुढे स्टार्टर आला, दिवे आले, संदेशवहनाची आणि दिशादर्शनाची यंत्रे आली, सेसना 172 सारख्या विमानात पंखांचे फ्लॅपदेखील विजेवर चालू लागले. आणि वीज गेली तर इंजिन चालू राहील, पण वैमानिक मुका होईल, आणि रात्रीची वेळ असल्यास अर्धा आंधळाही होईल, अशी अवस्था आली.

या व्यवस्थेत 12 व्होल्टच्या बॅटरीस सुमारे 14 व्होल्टचा आणि 24 व्होल्टच्या बॅटरीस सुमारे 28 व्होल्टचा पुरवठा ठेवतात, कारण बॅटरीहून वरच्या दाबाखेरीज प्रवाह तिच्यात शिरतच नाही. हा दाब कायम राखण्यासाठी कटआउट आल्टरनेटरच्या फिरत्या वेटोळ्यास, म्हणजे फील्डला, कमी-अधिक प्रवाह देतो. आणि हा आरंभीचा प्रवाह बॅटरीकडूनच यावा लागतो. बॅटरी साफ मेलेली असताना पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू केले, तरी आल्टरनेटर बहुधा निद्रिस्तच राहतो, याचे इंगित हेच.

आता मुख्य प्रश्न अ‍ॅमीटरचा. काटा शून्यावर आहे, हे चांगले की वाईट? याचे उत्तर काट्यात नाही. ते मापक मंडलात कोठे बसविले आहे, यात आहे. पुष्कळ जुन्या सेसना विमानांत मापक बॅटरीच्या वाटेवर असतो आणि त्याचे शून्य मध्यभागी असते: तो जणू जमाखर्चाच्या वहीतील रोजची शिल्लक दाखवितो, काटा उजवीकडे गेला तर बॅटरीत जमा, डावीकडे गेला तर नावे. उलट पायपर चेरोकी जातीच्या विमानांत मापक आल्टरनेटरच्या वाटेवर असून त्याचे शून्य डाव्या टोकास असते. त्यात फक्त मिळकत दिसते. पहिल्या जातीत काटा मध्यावर स्थिर असणे हे प्रकृती उत्तम असल्याचे लक्षण, तर दुसऱ्या जातीत शून्य म्हणजे आल्टरनेटरने काम सोडले. एका जातीच्या विमानावर शिकलेला मनुष्य दुसऱ्या जातीत बसला, की नेमका येथेच फसतो.

इंजिन सुरू करताना बॅटरीने मोठा प्रवाह दिलेला असल्यामुळे आरंभी भरणा जोरात दिसणे स्वाभाविक आहे. तो हळूहळू उतरला पाहिजे. सेसनाच्या वैमानिक-पुस्तिकेचा दंडक असा, की अर्धा तास संथ उड्डाण झाल्यावर काटा भरण्याच्या बाजूस स्वतःच्या दोन जाडींहून अधिक सरकलेला नसावा. असल्यास बॅटरीवर अतिभरणा चालला आहे. ती तापते, तिच्यातील पाणी उडून जाते. शंका आल्यास सोपी कसोटी आहे: जमिनीवर, इंजिन पुरेशा वेगात ठेवून, उतरण्याचा मोठा दिवा लावावा. आल्टरनेटर धडधाकट असेल तर मध्यशून्य मापकाचा काटा क्षणभर डावीकडे झुकून परत जागेवर येतो, आणि मिळकतीच्या मापकात तो वर चढून तेथेच ठरतो. व्होल्टमीटर 28 दाखवीत असताना अ‍ॅमीटर मात्र नावे टाकीत असेल, तर संशय आल्टरनेटरवर न घेता खुद्द मापकाच्या जोडणीवर घ्यावा. तारांची अदलाबदल झाली तरी असा खोटा दाखला मिळतो.

सर्वांत चकविणारी तक्रार म्हणजे थरथरणारा काटा. फील्डचा प्रवाह कटआउटपर्यंत पोहोचतो तो सर्किट ब्रेकर, मास्टर स्विचचा आल्टरनेटरकडील अर्धा भाग आणि कितीतरी दाबून बसविलेल्या जोडांमधून. वर्षानुवर्षांच्या मळाने व गंजाने यांपैकी एखादा संपर्क दुबळा झाला, की त्याच तारेवरून दाब ओळखणाऱ्या कटआउटला तो आहे त्याहून कमी भासतो. तो फील्डला अधिक प्रवाह सोडतो, अधिक प्रवाहामुळे वाटेतील घट आणखी वाढते, मग तो आखडता हात घेतो, आणि काटा झोके खाऊ लागतो. अशा वेळी प्रथम कटआउट बदलणे, मग आल्टरनेटर बदलणे, म्हणजे रोग रेड्याला अन् औषध पखालीला. मल्टिमीटरची एक सळई मुख्य पट्टीवर आणि दुसरी कटआउटच्या अग्रावर ठेवून, व्यवस्था चालू असताना, वाटेत किती व्होल्ट गळतात हे मोजावे. मग एकेक जोड ओलांडीत गेले, की गळतीची जागा आपोआप सापडते. काटा स्थिर पण मिळकत तोकडी, आणि कानातल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा-उतरणारा बारीक सूर, अशी लक्षणे एकत्र आली तर आल्टरनेटरमधील एखादा डायोड गेल्याचा संशय घ्यावा.

डायनॅमोच्या जमान्यातील मेकॅनिक इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून भरणा पारखीत. आल्टरनेटरच्या बाबतीत ही रीत घातक आहे: बॅटरीचा आधार अचानक सुटताच दाब उसळतो आणि डायोड व रेडिओ दोन्ही जळू शकतात. ट्रकाला जे अपायकारक, ते विमानाला कसे मानवेल?

हवेत असताना कमी दाबाचा दिवा लागलाच, तर आल्टरनेटरचा स्विच पुस्तिकेप्रमाणे एकदा बंद करून पुन्हा लावावा; दिवा पुन्हा लागल्यास अनावश्यक यंत्रे बंद करून जवळचे विमानतळ गाठावे. 12 अँपिअर-तासांची बॅटरी 20 अँपिअरच्या भाराखाली कागदोपत्री 36 मिनिटे पुरते. प्रत्यक्षात जोराने उपसलेली व वयस्क बॅटरी तितकीही साथ देत नाही.

उतरल्यावरचे काम परवानाधारक अभियंत्याचे. तथापि वैमानिकाने नोंदवहीत ‘बॅटरी खराब’ एवढाच शेरा मारून मोकळे होऊ नये. तो निकाल झाला, पुरावा नव्हे. काटा कोणत्या बाजूस किती होता, व्होल्टमीटर काय दाखवीत होता, कोणकोणती यंत्रे चालू होती आणि हे इंजिन सुरू केल्यावर किती वेळाने घडले, एवढे चार तपशील त्याने लिहिले, तर अभियंत्याला नवा सुटा भाग मागविण्यापूर्वी योग्य त्या तारेपासून तपास सुरू करता येतो.